रोग कळवणं परवडलं पाहिजे

गाईच्या मानेवर आणि कासेजवळ बोराएवढ्या गाठी दिसायला लागल्या, अंग तापलंय, वैरण सोडलीय; ही लम्पी त्वचारोगाची लक्षणं. अशा वेळी शेतकऱ्याने पहिल्यांदा कुणाला सांगायचं? कायद्याचं उत्तर स्पष्ट आहे. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ असं लांबलचक नाव असलेल्या कायद्याच्या कलम ४ नुसार मालकाने गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवायचं, आणि तिथून खबर जवळच्या पशुवैद्यकाकडे जायची. आजारी जनावर बाकीच्यांपासून वेगळं बांधायचं, चरायला सोडायचं नाही. गावाचं उत्तरही तितकंच स्पष्ट आहे: कुणाला सांगायचं नाही. आधी ओळखीतल्या खासगी डॉक्टरकडून इंजेक्शन, मग हळद आणि कडुनिंबाचा पाला, आणि दुसऱ्या जनावराला अजून गाठी आलेल्या नसतील तर त्याला येत्या बाजारात उभं करायचं.

शहरातले लोक याला अडाणीपणा म्हणतात. मला यात अडाणीपणा फारसा दिसत नाही. हा हिशेब आहे, आणि पंचाईत अशी की तो बरोबर आहे. कळवणाऱ्याच्या गावाचं नाव पेपरात येतं, पंचक्रोशीतला बाजार बंद पडतो, दूध घेणारा कुरकुर करतो आणि भावकीतले लोक ‘तुझ्यामुळं झालं’ म्हणतात. गप्प बसणाऱ्याचं तेवढं तरी वाचतं. जोवर हा हिशेब उलटा होत नाही, तोवर मुंबईहून कितीही कडक परिपत्रकं निघाली तरी मराठवाड्यातल्या गोठ्यात ती पोचणार नाहीत.

लम्पीचंच घ्या. हा त्वचारोग देशात पहिल्यांदा २०१९ मध्ये ओडिशात दिसला. महाराष्ट्रात २०२२ च्या पावसाळ्यात जळगावकडून तो पसरला आणि सप्टेंबरात सरकारने आख्खं राज्यच नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केलं. जनावरांचे बाजार बंद, वाहतूक बंद, शर्यती बंद. शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना टोचायची मोहीम निघाली, आणि ती बऱ्यापैकी झपाट्याने झाली, हे मान्य करायला हवं. दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांनी त्या दोन महिन्यांत रात्रीचा दिवस केला. दूध पिऊन माणसाला लम्पी होतो, ही अफवाही त्याच काळात उठली होती; ती खोटी होती, पण तेवढ्याने सुद्धा दूधवाल्याला फटका बसायचा तो बसलाच.

बाजार बंद करणं शास्त्राला धरून होतं. हा रोग चावणाऱ्या माशा, डास, गोचीड यांच्यामुळे पसरतो. माशी फार लांब जात नाही. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात रोग उडी मारतो तो टेम्पोत बसून. त्यामुळे वाहतूक थांबवली याबद्दल तक्रार नाही. तक्रार अशी की बाजार कधी उघडणार, कशावरून ठरणार, हे कुणालाच माहीत नव्हतं. सप्टेंबर-ऑक्टोबर हा आपल्याकडे जनावर विकायचा आणि घ्यायचा ऐन हंगाम. रब्बीच्या पेरणीला बैल लागतात. बीडच्या ऊसतोड कामगाराला कारखान्यावर जायच्या आधी जोडी बघावी लागते. कुणाच्या घरी दवाखान्याचं बिल असतं, कुणाला पोरीच्या कॉलेजची फी भरायची असते. गरज काही नियंत्रित क्षेत्र जाहीर केल्याने थांबत नाही. मग सौदे शेतातल्या आखाड्यावर झाले, अंधार पडल्यावर झाले. बाजारात निदान पावती फाटते, चार लोकांच्या नजरेखालून जनावर जातं. आखाड्यावरच्या सौद्याला कुठला कागद आणि कुठली नजर! रोग थांबवायला बाजार बंद केला आणि जनावर कुठून कुठे गेलं हे सांगणारी जी काही थोडीफार नोंद होत होती, तीही त्याबरोबर गेली.

आता भरपाईकडे येऊ. लम्पीने जनावर दगावलं तर दुभत्या गाईला ३०,००० रुपये, ओढकामाच्या बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० अशी मदत सरकारने दिली. दिली हे चांगलंच केलं; अशा साथीत हातावर काहीच न ठेवणारी सरकारंही लोकांनी पाहिलीत. पण उदगीर किंवा देवणीकडे चांगल्या देवणी जातीच्या बैलांची जोडी लाखाच्या आत मिळत नाही, आणि नजरेत भरणारी असेल तर लाख हा फक्त बोलणीचा आरंभ असतो. जोडीतला एक गेला की उरलेला एकटा पेरणीच्या कामाचा राहत नाही. त्याच उंचीचा, त्याच चालीचा दुसरा शोधावा लागतो. २५,००० रुपयांत तो येत नाही.

त्याहून मोठी गोम वेगळीच आहे. ही मदत मेलेल्या जनावराला आहे. लम्पीत जनावरं आजारी खूप पडतात, पण त्या मानाने मरतात कमी. मरतुकीचं प्रमाण साधारण एक ते पाच टक्के धरतात. म्हणजे ज्यांच्या गोठ्यात रोग शिरला त्यांच्यातल्या बहुतेकांना काहीच मिळत नाही. गाय वाचते, पण दूध आटतं. पायाला सूज आलेला बैल ऐन पेरणीत महिनाभर दावणीला उभा राहतो आणि शेतकरी तासाच्या भावाने ट्रॅक्टर लावतो. बऱ्या झालेल्या जनावराच्या कातडीवर व्रण राहतात, आणि बाजारात गिऱ्हाईक दात बघायच्या आधी ते व्रण बघून भाव पाडतो. लाळ्या-खुरकुतातही, म्हणजे तोंडाला आणि खुरांना फोड आणणाऱ्या रोगातही, हेच. २०१९ मध्ये मथुरेहून सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस (जनावर गाभ टाकतं तो रोग) या दोन रोगांसाठी पाच वर्षांचे १३,३४३ कोटी रुपये ठेवले होते. २०३० पर्यंत हे रोग हटवायचे, असं उद्दिष्ट. लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा दारात आली, फुकट आली. पण लस चुकलेल्या बैलाचे खूर सडले आणि तो लंगडा झाला, तर त्याच्या मालकाचं नुकसान कुठल्याच रकान्यात बसत नाही. मग त्याने कळवायचं ते कशासाठी?

कोंबड्यांच्या बाबतीत हा विचार सरकारने बराच शहाणपणाने केलाय, हे मजेशीर आहे. जानेवारी २०२१ मध्ये परभणी तालुक्यातल्या मुरुंबा गावात आठशेवर कोंबड्या मेल्या, भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लू असल्याचं सांगितलं, आणि मग एक किलोमीटरच्या आतल्या कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. त्यात भरपाई मिळते ती सरकारने नष्ट केलेल्या पक्ष्यांची; रोगाने आधीच मेलेल्यांची नाही. ऐकायला हे निष्ठुर वाटतं. पण त्याचा अर्थ असा की लवकर कळवलंत तर जिवंत पक्षी जास्त उरतात आणि भरपाई जास्त मिळते. लपवून ठेवलंत तर पक्षीही जातात आणि पैसाही जातो. दर पुरेसे आहेत का, यावर वाद होईल, पण दिशा बरोबर आहे. गाईबैलांच्या बाबतीत नेमकी उलटी तऱ्हा: मरेपर्यंत थांबा, मग पंचनामा.

गाईबैल मारून रोग आटोक्यात आणायचा, हे आपल्याकडे होणार नाही. फ्रान्समध्ये २०२५ मध्ये लम्पी शिरला तेव्हा बाधित कळपातली सगळी जनावरं मारायचं धोरण होतं, आणि तिथले शेतकरीसुद्धा त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले. आपण ती वाट धरत नाही, ते ठीकच आहे. पण मग आपल्या हातात लस आणि विलगीकरण, एवढीच दोन हत्यारं उरतात. लशीवर आपण कोटी कोटी खर्च करतो. विलगीकरणावर एक रुपयाही नाही. ते शेतकऱ्याने स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या जागेत, स्वतःच्या नुकसानीत करायचं. दोन एकरवाल्याकडे एकच गोठा असतो, एकच हौद, एकच गव्हाण. वेगळं बांधायचं म्हणजे कुठे, बांधावरच्या बाभळीखाली? तिथे पाणी कोण नेणार, रात्री राखण कोण करणार?

सरकारला जनावरागणिक रोज पैसे मोजता येत नाहीत, असं कुणी म्हणू नये. मराठवाड्याने ते पाहिलंय. २०१८-१९ च्या दुष्काळात बीड, धाराशिवकडे चारा छावण्या लागल्या तेव्हा मोठ्या जनावराला दिवसाला आधी ९० आणि पुढे १०० रुपये असा दर सरकार देत होतं. लम्पीत संशयित जनावर २८ दिवस वेगळं ठेवायचं म्हटलं, आणि छावणीचाच १०० रुपयांचा दर लावला, तर एका जनावराचे होतात २,८०० रुपये. एका मेलेल्या बैलाच्या मदतीत जवळजवळ नऊ जनावरांचं विलगीकरण निघतं. पहिल्या दिवशी कळवलं, डॉक्टरने नोंद केली, त्या दिवसापासून पैसे सुरू. माझी मागणी एवढीच आहे आणि ती मला फार मोठी वाटत नाही.

यावर पहिला आक्षेप येणार तो बोगसगिरीचा. छावण्यांमध्ये कागदावर जनावरं वाढवल्याच्या तक्रारी झाल्या, त्या काही हवेतल्या नव्हत्या. मात्र तेव्हा आणि आता यात एक फरक पडलाय: कानातला पिवळा बिल्ला. बारा आकडी क्रमांक, ‘भारत पशुधन’ या सरकारी संगणक प्रणालीवर नोंद, आणि १ जून २०२४ पासून तर राज्यात बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक करायची नाही, असा नियमच आहे. एका क्रमांकाला एकदाच पैसे, हे संगणकाला सांगणं अवघड नाही.

पण बिल्ल्याची अवस्था काय आहे, तेही बघायला हवं. लातूर जिल्ह्यातल्या हाळी हंडरगुळीच्या बाजारात जाऊन नुसतं कानांकडे बघत फिरा. काही कानांत बिल्ला आहे. काही कान फाटलेले आहेत, कारण बिल्ला काटेरी तारेत नाहीतर बाभळीत अडकला. काही कानांत नुसतं भोक आहे. खोंडाचा कान पिकला, किडे पडले म्हणून मालकानेच बिल्ला कापून टाकलाय, आणि ‘नंबर हाय की, घरी कागदावर लिवून ठेवलाय’ म्हणतो. इकडे दलाल उपरण्याखाली गिऱ्हाइकाची बोटं दाबून भाव ठरवतो, इसार दिला जातो, जोडी टेम्पोत चढते. बिल्ला कानात असतो, पण प्रणालीत जनावर अजून जुन्या मालकाच्याच नावावर, जुन्याच गावात. मालक बदलल्याची नोंद सौदा झाला त्याच जागी करणारी खिडकी मला तरी कुठल्या बाजारात दिसलेली नाही. अशा बिल्ल्यावरून जनावराला बिल्ला कुठे टोचला ते कळतं. आज ते कुठे आहे, कुणाच्या शेजारी बांधलंय, हे कळत नाही, आणि साथीत नेमकं तेच कळायला हवं असतं.

आणि शेतकऱ्याच्या लेखी बिल्ला म्हणजे काय? आणखी एक अडवणूक. बिल्ला नाही तर बाजारात प्रवेश नाही, उपचार नाही, नैसर्गिक आपत्तीची मदत नाही. बिल्ल्यामुळे काय मिळालं, असं विचारलं तर त्याला सांगण्यासारखं फारसं काही नसतं. त्याच बारा आकड्यांवर विलगीकरणाचे २,८०० रुपये खात्यात आले, तर कापलेले बिल्ले लोक आपण होऊन पुन्हा लावून घेतील. बाजार समित्या फी घेतात. त्या फीतून फाटकावर एक स्कॅनर, एक माणूस आणि आजारी जनावर बाजूला बांधायला एक शेड एवढं व्हायला काय हरकत आहे? बाजार बंद करण्याची वेळ आलीच, तर तो किती दिवसांसाठी आणि कशावरून पुन्हा उघडेल, हे बंदच्या आदेशातच लिहिलेलं असावं. नुसतं ‘पुढील आदेशापर्यंत’ म्हटलं की आखाड्यावरचे सौदे सुरू झाले म्हणून समजा.

डॉक्टरांबद्दल थोडं. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ मध्ये पाच हजार जनावरांमागे एक पशुवैद्यक हवा म्हटलं होतं. पन्नास वर्षं होत आली. आपल्याकडचे कितीतरी दवाखाने श्रेणी-२ चे आहेत, म्हणजे पदवीधर डॉक्टर नसलेल्या पशुधन पर्यवेक्षकाच्या भरवशावर. परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालयं असलेल्या भागात हे चित्र असावं, याचा रागच येतो. त्यातही जो माणूस रात्री अडलेली गाय सोडवायला येतो, त्यालाच रोगाचा अहवाल पाठवून गावाचा बाजार बंद करायला लावायचा. एका हाताने उपचार आणि दुसऱ्या हाताने नोटीस. मग लोक त्याला बोलवायचं टाळतात आणि दोष मात्र त्याच्याच माथी येतो. कळवणाऱ्याला पैसे मिळायला लागले तर या माणसाचीही सुटका होईल. तो दारात आला की काहीतरी घेऊन आला, असं लोकांना वाटेल.

प्राणी कल्याणाच्या नियमांचीही तीच गत आहे, फक्त तिथे वजन आणखी खालच्या माणसावर पडतं. प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा १९६० चा. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये, आजही. त्याखालच्या १९६५ च्या नियमांत बैलाने दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त गाडी ओढायची नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर असलेल्या भागात दुपारी १२ ते ३ ओढायची नाही, असं लिहिलंय. पराणीला आर, म्हणजे टोकाला अणकुचीदार खिळा, लावायलाही मनाई. नियम चांगले आहेत. जुनी माणसं तर उन्हाच्या आत बैल सोडायचीच, त्यांना कुणी नियम वाचून दाखवला नव्हता. पण कारखान्याच्या रस्त्यावर, गाळप लांबून एप्रिल उजाडल्यावर, उसाची गाडी ओढणाऱ्या बैलांना दुपारची सुट्टी कोण देणार? गाडीवानाला टनावर पैसे मिळतात. उचल मुकादमाकडून घेतलेली असते, ती फेडायची असते. वजनकाट्यावर गाड्यांची रांग लागते तिथे सावली नाही, हौद नाही. नियम मोडल्याचा गुन्हा मात्र गाडीवानावर. रांग ज्याच्या दारात लागते, त्याच्यावर काहीच नाही. रांगेत छप्पर आणि पाण्याचा हौद कारखान्याने बांधायचा, आणि दुपारी बैलगाड्यांची वजनं थांबवून सकाळी आधी त्यांचीच घ्यायची, एवढं गाळप परवान्याच्या अटीत घातलं तर बैलाचं कल्याण आणि गाडीवानाचा रोजगार दोन्ही सांभाळता येतील.

वाहतुकीचंही तसंच. २०१६ पासून मोटार वाहन नियमांप्रमाणे गाईला किंवा म्हशीला गाडीत दोन चौरस मीटर जागा हवी. लहान टेम्पोच्या हौद्यात या मापाने एक जनावर बसतं, फार तर दोन. शेतकरी बाजारातून जोडी घेऊन निघाला की घरी पोचेपर्यंत गुन्हेगार. व्यापारी तर त्याहून जास्त कोंबतो, आणि कोंबतो हे वाईटच आहे. पाय मोडलेली, शिंगं सोललेली जनावरं उतरताना ज्याने पाहिलीत त्याला हा नियम कशासाठी आहे हे समजावून सांगावं लागत नाही. पण तपासणी कुणी करायची? रस्त्यात गाडी अडवणारा जमाव जनावराचं ताप-पाणी बघत नाही, बिल्ला बघत नाही, ड्रायव्हरचं नाव विचारतो. २०१५ पासून बैलही गोवंश हत्याबंदीत आले, त्यानंतर ही अडवाअडवी वाढली, आणि जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या, मांसाचा धंदा करणाऱ्या कुरेशी समाजाच्या व्यापाऱ्यांनी जनावरांची खरेदीच थांबवली, तेव्हा मराठवाड्यातले बाजार ओस पडले. भाकड गाय, म्हातारा बैल दावणीला तसाच राहिला. त्याला पोसणं परवडत नाही, म्हणून तो मोकाट सोडला जातो, आणि मोकाट जनावराला लस नाही, बिल्ला नाही, मालक नाही. सोयाबीनच्या रानात शिरलेला असा कळप ज्याने हाकललाय त्याला रोगाचा साठा कुठे आहे ते कुणी सांगायला नको. कल्याणाच्या नावाने रस्त्यावर चाललेली दांडगाई रोगनियंत्रणाच्या मुळावर येते, ती अशी. वाहतुकीची तपासणी पशुवैद्यक असलेल्या नाक्यावर, दिवसाउजेडी, बिल्ला वाचून व्हावी, आणि ज्याचे कागद नीट आहेत त्याची गाडी पोलिसांनी पुढे सोडून द्यावी. हे झालं तर रात्रीची वाहतूक आपोआप कमी होईल, आणि दिवसा जाणाऱ्या गाडीत कोंबायची गरजही कमी राहील.

दुसरा आक्षेप पैशांचा. राज्याच्या तिजोरीत खडखडाट आहे, हे रोज वाचतोच. पण साथ पसरल्यावर लसमोहीम, बंद बाजार, मेलेल्या जनावरांची मदत यांवर जे जातं ते आधीच खर्च होतंय. त्यातलाच थोडा भाग साथीच्या पहिल्या पंधरवड्यात हलवायचा आहे. पहिल्या पाच गोठ्यांनी कळवलं तर पन्नासाव्या गोठ्याचा खर्च बहुधा वाचतो.

हे ठरवायचं असेल तर ते मे महिन्यात ठरायला हवं. माशा आणि गोचीड वाढतात पावसाबरोबर, लस टोचल्यावर अंगी प्रतिकारशक्ती यायला तीन-चार आठवडे लागतात, आणि श्रावण अमावास्येला पोळ्यासाठी गावोगावी बैल एकत्र येतात. २०२३ च्या पोळ्यालाही अनेक जिल्ह्यांत बैल एकत्र आणू नका, घरीच पूजा करा, अशा सूचना निघाल्या, त्या सण तोंडावर आल्यावर. विलगीकरणाचा दर, पैसे देण्याची मुदत आणि बाजार उघडण्याचे निकष यांचा शासन निर्णय पोळ्याच्या तीन महिने आधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला पाहिजे. त्यावर पंचायत समितीच्या पशुधन विकास अधिकाऱ्याचा फोन नंबर असावा, आणि तो उचलला जावा.